एका स्पॅनिश गाण्याचा दिग्विजय



आज ज्या विषयावर मी आपल्याशीं बोलणार आहें, तो एका निवृत्त शाळामास्तरानें निवडावा ह्याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. ज्यानें जन्मभर मुलांकडून पाढे आणि विभक्तिप्रत्यय पाठ करून घेतले, त्यानें एका परदेशी नाचाच्या गाण्याची चिकित्सा करावी, हें कांहींसें विचित्रच आहे. पण ह्या विषयाकडे मी आपण होऊन गेलों नाहीं. माझ्या नातीनें मला तेथें नेलें.

गोष्ट सन २०१७ च्या गणेशोत्सवांतील. आमच्या वसाहतीच्या मंडपांत मुलांच्या करमणुकीचा कार्यक्रम होता. माझी नात तेव्हां पांचवीच्या वर्गांत होती. ती आणि तिच्या चार मैत्रिणी एका गाण्यावर नाचल्या. गाणें ना मराठी, ना हिंदी, ना इंग्रजी. नाच संपल्यावर मीं तिला जवळ बोलावून विचारलें, “बाळ, ह्या गाण्याचा अर्थ काय ग?” ती म्हणाली, “मला नाहीं माहीत, आजोबा.” “मग अर्थ न कळतां नाचायचें? ही तर निव्वळ पोपटपंची झाली!” त्यावर ती शांतपणें म्हणाली, “तुम्ही मला रामरक्षा शिकवलीत, तेव्हां मी चार वर्षांची होतें. तेव्हां कुठें अर्थ सांगितला होतात?”

माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. शिक्षकाला उत्तर सुचलें नाहीं म्हणजे त्यानें अभ्यास करावा, हा जुना दंडक. तो पाळून मीं त्या गाण्याची माहिती मिळविली, आणि दोन दिवसांनीं तिला सांगितलें, “त्या गाण्याच्या नांवाचा अर्थ ‘हळूहळू’ असा आहे.” ती हंसली आणि म्हणाली, “मग हळूहळू म्हणणारें गाणें इतक्या लवकर सगळ्या जगांत पहिलें कसें आलें?” आजचें हें भाषण म्हणजे त्या प्रश्नाला दिलेलें, पण बऱ्याच उशिरानें तयार झालेलें उत्तर आहे.

गाण्याचें नांव ‘देस्पासितो’. स्पॅनिश भाषेंत ‘देस्पासियो’ म्हणजे सावकाश. त्या भाषेंत शब्दाला ‘इतो’ हा प्रत्यय लावला कीं तो लहान, लाडका आणि मऊ होतो. आपण ‘हळू’ म्हणतों आणि मग आवाज उतरवून ‘अगदीं हळूच’ म्हणतों. ह्या दोहोंत जो फरक, जवळजवळ तोच तेथें आहे. गाणें १३ जानेवारी २०१७ च्या सुमारास प्रसिद्ध झालें. तें लुइस फॉन्सी ह्या गायकानें एरिका एन्डर ह्या पनामा देशाच्या कवयित्रीसह रचलें, आणि त्यांतील भरधाव बोलांचा भाग डॅडी यँकी ह्या दुसऱ्या गायकानें घातला. फॉन्सी व यँकी हे दोघेहि प्वेर्तो रिको बेटाचे. संगीताची जुळणी आंद्रेस तोरेस व मौरिसियो रेन्हिफो ह्या कोलंबियाच्या दोघां तरुणांनीं केली. फॉन्सीची कीर्ति त्यापूर्वीं वीस वर्षें मुख्यतः विरहाचीं आणि प्रेमाचीं संथ गीतें गाणारा म्हणून होती; यँकी हा नाचाच्या तालाचा बादशहा. एक सुराचा, एक ठेक्याचा. ह्या दोन स्वभावांचा मेळ हें गाण्याच्या यशाचें पहिलें कारण होय.

आतां त्याचा ताल पाहूं. ह्या जातीच्या संगीताला ‘रेगेटोन’ म्हणतात. आपण केरव्याच्या आठ मात्रांचे चार-चार असे दोन समान भाग करतों. रेगेटोनमध्यें खालचा मोठा ढोल तसाच सरळ चालतो. पण वरचा ठोका त्याच आठ मात्रा तीन, तीन आणि दोन अशा मोजतो. श्रोत्यांनीं घरीं मेजावर करून पाहावें: एका हातानें सारख्या अंतरानें ठोके द्यावे आणि दुसऱ्या हातानें एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन असें मोजीत प्रत्येक ‘एक’वर टिचकी मारावी. दोन हातांची थोडी ओढाताण होते, आणि त्या ओढाताणींतूनच पाय हलूं लागतात. हा ठेका जमेकाच्या नाचगाण्यांतून निघाला, पनामांतील गायकांनीं त्यावर स्पॅनिश शब्द बसविले, आणि १९९० नंतरच्या दशकांत प्वेर्तो रिकोच्या गरीब वस्त्यांत त्याला आजचें रूप आलें. तेव्हां सभ्य समाज त्याला नांवें ठेवीत असे. सन १९९५ मध्यें तेथील पोलिसांनीं दुकानांवर छापे घालून ह्या गाण्यांच्या फिती जप्त केल्या होत्या. सन २००४ मध्यें डॅडी यँकीच्याच ‘गासोलिना’ ह्या गाण्यानें तो ठेका बेटाबाहेर दूरवर नेला. ज्या संगीताला एका पिढीनें चावडीवर उभें केलें, त्यालाच पुढच्या पिढीनें सिंहासनावर बसविलें; आपल्याकडे तमाशाच्या फडाविषयींहि आपण असेंच कांहीं पाहिलें आहे.

‘देस्पासितो’त ह्या ठेक्यापूर्वीं एक तंतुवाद्य वाजतें. त्याचें नांव ‘क्वात्रो’, म्हणजे ‘चार’. आरंभीं त्याला चार तारा असाव्यात हें नांवावरून दिसतें. आज मात्र त्याला पांच जोड्यांनीं दहा तारा असतात. तें प्वेर्तो रिकोच्या खेडुतांचें वाद्य आहे, आणि ह्या गाण्यांत तें क्रिस्तियान निएवेस ह्या वादकानें वाजविलें आहे. म्हणजे गाण्याच्या उंबरठ्यावर खेडें उभें आहे आणि आंत शहराची गल्ली आहे. पुढें ध्रुवपदाशीं येतांना ताल एकाएकीं थबकतो, आणि गायक तो मुख्य शब्द एकेक अक्षर सुटें करून उच्चारतो. शब्दाचा अर्थ ‘हळू’, आणि संगीतहि तेथेंच हळू होतें. भाषा न समजणाऱ्यालाहि त्या क्षणीं शब्दाचा अर्थ कानानें कळतो. माझी नात अर्थ न कळतां नाचत होती, हें माझें विधान म्हणूनच अर्धेंच खरें होतें. तिच्या पायांना तो कळला होता. सांगतां मात्र येत नव्हता.

आतां ‘पहिलें आलें’ म्हणजे काय, तें पाहूं. माझ्या वयाच्या श्रोत्यांना बिनाका गीतमाला आठवत असेल. सन १९५२ मध्यें रेडिओ सिलोनवर सुरूं झालेल्या त्या कार्यक्रमांत अमीन सयानी गाण्यांना पायऱ्या देत, आणि कोणतें गाणें कोणत्या पायरीवर आहे ह्यावरून घरोघर वाद होत. अमेरिकेंत हें काम ‘बिलबोर्ड’ नांवाचें नियतकालिक करतें. तें सन १८९४ मध्यें सिनसिनाटी शहरीं निघालें, तेव्हां त्याचा विषय भिंतीवरील जाहिराती हा होता. नांव त्यावरूनच पडलें. त्याची शंभर गाण्यांची साप्ताहिक यादी ४ ऑगस्ट १९५८ पासून चालूं आहे. तींत ‘सिंगल’, म्हणजे संग्रहांतून वेगळें काढून एकट्यानेंच बाजारांत आणलेलें गाणें, प्रामुख्यानें धरलें जात असे. किती प्रती खपल्या आणि नभोवाणीवर तें किती वेळां वाजलें, ह्या दोहोंची मिळून ही गुणपत्रिका होई.

परंतु ही परीक्षा वेळोवेळीं बदलत गेली आहे. पूर्वीं दुकानदार व नभोवाणी केंद्रें जी माहिती सांगत तीवर विश्वास ठेवावा लागे. सन १९९१ च्या अखेरीस प्रत्यक्ष विक्रीची व वादनाची यंत्रानें केलेली मोजणी ह्या यादींत आली. सन १९९८ पर्यंत विक्रीला न ठेवलेलें गाणें यादींत येतच नसे; पुढें तें बंधन सुटलें. नंतर संगणकावरून उतरवून घेतलेलीं गाणीं, मग इंटरनेटवरून नुसतीं ऐकलेलीं गाणीं, आणि सन २०१३ पासून यूट्यूबवर पाहिलेलीं गाणींहि मोजलीं जाऊं लागलीं. ‘देस्पासितो’ ह्या यादींत सोळा आठवडे पहिल्या स्थानीं होतें, २७ मे पासून ९ सप्टेंबर २०१७ पर्यंतच्या अंकांत. त्यामुळें मारिया केरी व बॉइझ टू मेन ह्यांच्या १९९५-९६ मधील ‘वन स्वीट डे’ ह्या गाण्याच्या सोळा आठवड्यांच्या उच्चांकाशीं त्याची बरोबरी झाली. पुढें सन २०१९ मध्यें ‘ओल्ड टाउन रोड’ ह्या गाण्यानें एकोणीस आठवडे राहून तो मोडला. सोळा आणि सोळा सारखेच, असें पाढ्यांत म्हणतां येईल. पण दोन्हीं उमेदवारांचे परीक्षेचे विषयच वेगळे होते. एकाचे गुण दुकानांतील विक्रींतून आले, दुसऱ्याचे बव्हंशीं खिशांतल्या यंत्रावर फिरणाऱ्या बोटांतून. गुणपत्रिका वाचतांना प्रश्नपत्रिकाहि पाहावी, हें मी मुलांच्या पालकांना सदैव सांगत आलों. तेंच येथें लागू आहे.

आतां माझ्या मतें ह्या कथेंतील खऱ्या महत्त्वाच्या भागाकडे येतों. त्या दिवसांत सर्वत्र बोलबाला झाला कीं स्पॅनिश भाषेनें अमेरिका जिंकली. तें कितपत खरें? फेब्रुवारीच्या आरंभीं हें गाणें त्या यादींत ८८ व्या स्थानीं शिरलें. तें केवळ स्पॅनिश होतें. लॅटिन गाण्यांच्या निराळ्या यादींत तें लौकरच पहिलें आलें. पण शंभरांच्या सर्वसाधारण यादींत एप्रिल संपत आला तरी चाळिशीच्या वर चढेना. इतक्यांत जस्टिन बीबर हा कॅनडाचा लोकप्रिय गायक कोलंबियाच्या दौऱ्यावर असतां त्यानें एका रात्रीं नाचघरांत हें गाणें ऐकलें, लोक त्यावर कसे बेभान होतात तें पाहिलें, आणि आपल्यालाहि त्यांत गावयाचें आहे असें कळविलें. त्यानें आरंभीं कांहीं इंग्रजी ओळी घातल्या आणि ध्रुवपद मात्र स्पॅनिशमध्येंच, उच्चार घोकून, गाइलें. ही नवी आवृत्ति १७ एप्रिल रोजीं निघाली. पुढच्याच हिशेबांत गाणें ४८ वरून एकदम नवव्या स्थानीं आलें, आणि मे महिन्याच्या अखेरीस पहिलें.

म्हणजे दार उघडलें तें इंग्रजीच्या किल्लीनें. आणि हें प्रथमच घडलें असेंहि नाहीं. त्यापूर्वींचें पहिल्या स्थानीं आलेलें मुख्यतः स्पॅनिश गाणें म्हणजे सन १९९६ मधील ‘माकारेना’. स्पेनमधील सेविल शहराजवळच्या ‘लोस देल रिओ’ ह्या दोघां प्रौढ गायकांचें तें गाणें. तें यादींत शिरल्यापासून शिखर गांठण्यास तेहतीस आठवडे लागले, आणि मग चौदा आठवडे तें तेथें राहिलें. पण तेंहि मायामीच्या मंडळींनीं इंग्रजी कडवीं जोडल्यावर. किल्लीशिवाय दार उघडल्याचें उदाहरण त्याच्याहि आधींचें आहे: सन १९८७ मध्यें ‘लोस लोबोस’ ह्या संचाचें ‘ला बाम्बा’ हें मेक्सिकोचें जुनें लोकगीत संपूर्ण स्पॅनिशमध्यें पहिलें आलें, आणि तीन आठवडे राहिलें. त्यालाहि एका चित्रपटाचा आधार होता.

हें वाचून माझा आरंभीं थोडा विरसच झाला. जन्मभर मातृभाषा शिकविलेल्या मनुष्याला असें वाटतें कीं भाषेनें स्वतःच्या पायांवर चालत जावें. बलवत्तर शेजाऱ्याचा हात धरून नव्हे. परंतु पुढें दुसरी एक वही हातीं आली, आणि मला माझें मत दुरुस्त करावें लागलें.

ती दुसरी वही यूट्यूबची. तेथें अमेरिकेचा नव्हे, तर सर्व जगाचा हिशेब असतो. ४ ऑगस्ट २०१७ रोजीं ‘देस्पासितो’चें चित्रण त्या वहींत सर्वाधिक पाहिलें गेलेलें ठरलें, आणि ३०० कोटी वेळां पाहिलें गेलेलें तें पहिलेंच चित्रण झालें. २ नोव्हेंबर २०२० रोजीं ‘बेबी शार्क’ नांवाच्या मुलांच्या गाण्यानें त्याला मागें टाकीपर्यंत तो मान त्याच्याकडे होता. पुढें त्याचा आंकडा ८०० कोटींच्याहि वर गेला. आणि लक्षांत घ्या, हें चित्रण मूळ गाण्याचें आहे. त्यांत बीबर नाहीं. इंग्रजीची एकहि ओळ नाहीं. स्पॅनिश ज्यांची मातृभाषा असे लोक जगांत सुमारें पन्नास कोटी. त्यांनीं सर्वांनीं हें चित्रण दहा-दहा वेळां पाहिलें असें धरलें तरी हिशेब ५०० कोटींवरच थांबतो. उरलेले डोळे त्या भाषेबाहेरचे, हें उघड आहे. माझ्या नातीचे दोन त्यांतच होते.

तेव्हां दोन वह्या दोन गोष्टी सांगतात, आणि दोन्हीं खऱ्या आहेत. अमेरिकेच्या नभोवाणीचें दार इंग्रजीशिवाय उघडलें नाहीं. जगाचें दार मात्र लोटलेलेंच होतें. आणि अमेरिकेंतहि एकदां उघडलेलें दार पुन्हां तितकेंसें घट्ट लागलें नाहीं. डिसेंबर २०२० मध्यें त्याच बेटाच्या बॅड बनी ह्या गायकाचा संपूर्ण स्पॅनिश संग्रह तेथील संग्रहांच्या यादींत पहिला आला. असें पूर्वीं कधीं झालें नव्हतें. त्याला इंग्रजी ओळींची कुबडी लागली नाहीं. पाहुणा पहिल्या खेपेस ओळखीच्या माणसाबरोबर आला, दुसऱ्या खेपेस एकटा आला. ह्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र पहिल्या खेपेचें श्रेय ओळखीच्या माणसालाच देऊन मोकळें होणें, हा अन्याय होईल. तालीम, ठेका, शब्द आणि वाद्य हीं सर्व त्या बेटाचीं होतीं.

त्या बेटाविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून ही कथा पुरी होणार नाहीं. प्वेर्तो रिको हें कॅरिबियन समुद्रांतील बेट आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून किंचित् मोठें. सन १८९८ मध्यें तें स्पेनकडून अमेरिकेकडे आलें; सन १९१७ पासून तेथील लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, परंतु बेटावर राहणाऱ्यांना अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकींत मत नाहीं. गाण्याचें चित्रण तेथील राजधानी सान हुआन येथें, ‘ला पेर्ला’ नांवाच्या वस्तींत झालें आहे. ‘पेर्ला’ म्हणजे मोतीं. ही वस्ती जुन्या शहराच्या तटाबाहेर, थेट समुद्राच्या कांठीं. कारण कसाईखाना आणि स्मशान हीं तटाच्या आंत नकोत, तशींच गरीब माणसेंहि नकोत, असा जुन्या काळचा न्याय. दीर्घकाळ तिचें नांव गुन्हेगारीसाठींच घेतलें जाई. त्या रंगीत भिंती आणि त्या लाटा मग साऱ्या जगानें पाहिल्या, आणि प्रवासी ती गल्ली शोधीत येऊं लागले.

पण पाहा, मे २०१७ च्या ज्या महिन्यांत गाणें पहिलें आलें, त्याच महिन्याच्या ३ तारखेस त्या बेटाच्या सरकारनें सत्तर अब्ज डॉलरांहून अधिक कर्जाखालीं दबून न्यायालयाकडे संरक्षण मागितलें होतें. आणि गाणें पहिल्या स्थानावरून उतरलें त्यास दोन आठवडेहि झाले नव्हते, तोंच २० सप्टेंबर रोजीं ‘मारिया’ नांवाचें चक्रीवादळ बेटावरून गेलें. साऱ्या बेटाची वीज गेली. ती सर्वांच्या घरीं परत येण्यास जवळजवळ एक वर्ष लागलें. मृतांचा सरकारी आंकडा आरंभीं ६४ होता. पुढें विद्यापीठाच्या अभ्यासानंतर तेथील सरकारनें तो २,९७५ असा मान्य केला. गाण्याचे आंकडे दररोज अचूक मोजले जात होते. माणसांचे मोजावयास अकरा महिने लागले. ह्यावर मी टीका करीत नाहीं. एका मास्तरानें दोन बेरजा शेजारीं शेजारीं मांडल्या, एवढेंच समजावें.

आतां एक अडचणीचा मुद्दा. गाण्याचा विषय शृंगार आहे, आणि तो कांहींसा मोकळा आहे. जुलै २०१७ मध्यें मलेशियाच्या सरकारी नभोवाणीनें तक्रारींवरून तें वाजविणें बंद केलें. पांचवींतल्या मुलीनें त्यावर नाचावें काय, असें मला कोणीं विचारलें तर मी म्हणेन, मोठें झाल्यावर अर्थासह ऐकावें. लावणी ऐकलेल्या महाराष्ट्राला शृंगाराचें वावडें असूं नये. पण त्याला वय असतें. म्हणून मीं नातीला नांवाचा अर्थ सांगितला, आणि पुढचा अर्थ राखून ठेवला. रामरक्षेच्या बाबतींतहि मीं तेंच केलें होतें, फक्त कारण निराळें होतें.

आणि तिचा प्रश्न? हळूहळू म्हणणारें गाणें इतक्या लवकर कसें वर गेलें? त्याचें उत्तर असें कीं तें लवकर गेलेंच नाहीं. फेब्रुवारीपासून मे पर्यंतची चढण आपल्याला दिसली. तिच्यामागें ‘माकारेना’नंतरचीं एकवीस वर्षें होतीं, जप्त झालेल्या फिती होत्या, फॉन्सीची वीस वर्षांची गायकी होती, आणि ‘ला बाम्बा’ गाणाऱ्या मेक्सिकोच्या अनाम खेडुतांच्या पिढ्या होत्या. शिखरावर दिसणारा मनुष्य कालपरवां निघाला असें पायथ्याशीं बसलेल्यांनाच वाटतें.

हें उत्तर मीं तिला अलीकडेंच सांगितलें. ती आतां महाविद्यालयांत जाते. सर्व ऐकून घेऊन ती म्हणाली, “आजोबा, मला उत्तर द्यायला तुम्हांलाहि बरींच वर्षें लागलीं.” मीं तिला एवढेंच सांगितलें, “देस्पासितो.”